सीटवर रुमाल, माणूस दादरला उतरला: कॉम्प्युटरची मेमरी गळते म्हणजे काय?

"सोमवारी बरा असतो रे. गुरुवारपर्यंत मरायला टेकतो."

पार्ल्याच्या मामांचं त्यांच्या कॉम्प्युटरबद्दलचं हे गाऱ्हाणं मी बरेच महिने ऐकत होतो. मामा निवृत्त झाले आणि सोसायटीचे खजिनदार झाले. ८ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप, त्यावर मेंटेनन्सचा हिशेब, व्हॉट्सॲप आणि यूट्यूबवर नाट्यगीतं. एवढ्याशा कामाला मशीन गुरुवारी एक्सेल उघडायला दोन मिनिटं घ्यायचं. शेवटी मामा लॅमिंग्टन रोडला गेले, रॅमचा भाव विचारला आणि तसेच परत आले.

भाव खरंच चढलेत. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या चिप्सकडे वळले आणि घरगुती ग्राहकासाठीचा माल महागला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने दुकानांत मिळणाऱ्या रॅमचा आपला क्रूशिअल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा पैसे मोजण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. रॅम खरोखर कमी पडतेय, की कुणीतरी अडवून बसलंय?

मामांच्या बाबतीत दुसरं खरं निघालं. त्याला म्हणतात मेमरी लीक, म्हणजे मेमरीची गळती.

गळती म्हणजे नेमकं काय गळतं?

काहीच नाही. शब्दच जरा फसवा आहे. गच्चीवरची टाकी गळली तर पाणी बाहेर जातं; इथे मेमरी कुठेच जात नाही. ती आतच असते, पण कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. म्हणून मी टाकीचं उदाहरण देत नाही, लोकलचं देतो.

डिस्क म्हणजे माणसं राहतात ती वसाहत. रॅम म्हणजे आत्ता धावणाऱ्या गाडीतल्या सीट. तुमच्या सगळ्या फाइल आणि प्रोग्राम डिस्कवर राहतात, पण काम करायचं तर गाडीत येऊन बसावं लागतं. सीट वाटायचं काम विंडोजचं. प्रोग्राम म्हणतो, मला चार सीट द्या. विंडोज देतं. काम झालं की प्रोग्रामने सीट मोकळ्या झाल्याचं सांगायचं, असा रिवाज.

आता समजा एकाने सीटवर रुमाल टाकला आणि दादरला तो उतरून गेला. रुमाल तिथेच. गर्दी उभी आहे, सीट रिकामी आहे, पण रुमाल आहे म्हणून कुणी बसत नाही. पुढच्या खेपेला तोच माणूस पुन्हा चढतो, पहिला रुमाल विसरतो आणि नवीन सीटवर नवीन रुमाल टाकतो. अशा शंभर खेपा झाल्या की अख्खा डबा रुमालांनी भरतो. मेमरी लीक ती हीच.

मग विंडोज ते रुमाल उचलत का नाही? कारण माणूस उतरलाय की दारात वारा खायला उभा आहे, हे त्याला कळत नाही. चुकून जिवंत प्रोग्रामची मेमरी काढून घेतली तर तो प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळेल. विंडोजला खात्री एकदाच होते, प्रोग्राम पूर्ण बंद झाला की. त्या क्षणी त्याच्या नावाचे सगळे रुमाल एकदम उचलले जातात. "बंद करून पुन्हा चालू कर" हा सल्ला म्हणूनच लागू पडतो. त्यात अंधश्रद्धा काही नाही.

एवढी साधी चूक शिकलेले लोक कशी करतात?

सी आणि सी प्लस प्लससारख्या भाषांत घेतलेली मेमरी परत करायची जबाबदारी प्रोग्रामरची असते. सरळ वाटेने काम झालं तर तो ती परत करतोही. घोटाळा होतो आडवाटेला: नेट तुटलं, प्रिंटरने उत्तर दिलं नाही, फाइल सापडली नाही. अशा वेळी प्रोग्राम मधूनच मागे फिरतो आणि "परत करा" ही ओळ मागे राहून जाते. तपासणीच्या टेबलावर प्रिंटर नेहमीच चालू असतो, त्यामुळे हे कुणाला दिसत नाही.

"पण नव्या भाषांत आपोआप सफाई होते ना?" होते. ही कल्पना जॉन मॅकार्थींनी लिस्प या भाषेसाठी १९५९ च्या सुमारास मांडली. आज जावा, पायथन, जावास्क्रिप्ट सगळ्यांत ती आहे. पण हा सफाईवाला एक नियम पाळतो. ज्या सामानाची पावती कुणाच्याच खिशात नाही, तेवढंच उचलायचं. प्रोग्रामने जुन्या सामानाची पावती उगाच खिशात ठेवली असेल तर ते सामान जन्मभर पडून राहणार. ब्राउझरमधल्या बहुतेक गळत्या अशाच असतात.

चूक किती लहान असू शकते याचं एक उदाहरण लंडनचं आहे. १९९२ च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या ॲम्ब्युलन्स सेवेने गाड्या पाठवायचं काम नव्या संगणकप्रणालीकडे सोपवलं. पहिले दोन दिवस गोंधळ झाला, त्याची कारणं वेगळी. पण ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोननंतर प्रणाली मंदावली आणि मग ठप्पच झाली. चौकशीत निघालं ते असं: सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका दुरुस्तीच्या वेळी थोडासा कोड चुकून मागे राहिला होता. एखादी ॲम्ब्युलन्स रवाना झाली की त्या कोडमुळे सर्व्हरची थोडीशी मेमरी अडायची आणि सुटायची नाही. एक रवानगी, एक रुमाल. तीन आठवड्यांत डबा भरला. राखीव सर्व्हरही वेळेला कामी आला नाही आणि लोक पुन्हा कागद-पेन्सिलवर आले. आपल्याकडे तर फक्त एक्सेल उशिरा उघडतं.

८० टक्के मेमरी भरलेली दिसतेय. म्हणजे गळतीच ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

रिकामी रॅम ही रिकामी धावणारी लोकल आहे, तिचा कुणाला फायदा नाही. म्हणून विंडोज मोकळ्या सीटवर अलीकडे वापरलेल्या फाइल आणून बसवतं, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको. याला कॅश म्हणतात. हे प्रवासी ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवर बसलेल्या समजूतदार मुलांसारखे. आजोबा आले की लगेच उठतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी असं उघडलंत की खाली "कॅश्ड" म्हणून आकडा दिसतो तो यांचा. तो मोठा असणं चांगलंच.

दुसरं, प्रोग्राम भरपूर मेमरी घेतो म्हणजे तो गळतोय असंही नाही. ४० टॅब उघडून ठेवलेत तर ब्राउझर ४ जीबी घेणारच. ती गर्दी आहे. किती घेतलीय याच्यापेक्षा, काम तेवढंच असताना ती वाढत चाललीय का, हे बघायचं.

मग ओळखायची कशी?

घड्याळ, कागद आणि पेन. यापलीकडे काही विकत घ्यायला नको.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसेसच्या पानावर मेमरीचा रकाना असतो, सगळे तोच बघतात. मामांकडे गुरुवारी सकाळी मीही आधी तोच बघितला आणि तिथे काहीच संशयास्पद नव्हतं. ब्राउझर सगळ्यात वर, बाकी सगळे पाचशे एमबीच्या खाली.

मेख अशी की हा रकाना फक्त रॅममध्ये आत्ता बसलेल्यांना मोजतो. गळालेल्या मेमरीला तर कुणी परत हातच लावत नाही. जागेची चणचण झाली की विंडोज अशी पडून असलेली मेमरी उचलून डिस्कवरच्या एका फाइलमध्ये ठेवतं. तिचं नाव पेजफाइल. म्हणजे चोर रकान्यातून निसटतो, आणि ही ने-आण करता करता सगळं मशीन मात्र रांगायला लागतं.

म्हणून डिटेल्सच्या पानावर जायचं, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून "सिलेक्ट कॉलम्स" निवडायचं आणि "कमिट साइझ" हा रकाना लावायचा. प्रोग्रामने स्वतःसाठी मागून घेतलेली एकूण मेमरी हा रकाना दाखवतो, मग ती रॅममध्ये असो की पेजफाइलमध्ये. त्यावर क्लिक करून मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलं, तर मामांच्या मशीनवर पहिल्या नंबरला ब्राउझर नव्हताच. होता प्रिंटरसोबत आलेला एक मदतनीस प्रोग्राम, घड्याळाशेजारी शाईचा थेंब दाखवत बसणारा. मेमरीच्या रकान्यात ३०० एमबी. कमिट साइझमध्ये ५.१ जीबी!

पण एक आकडा म्हणजे पुरावा नव्हे. मशीन रीस्टार्ट केलं आणि मामीला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडे लिहायला सांगितले. मामा लिहिणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मामीने लिहिलं: सव्वादहा वाजता ४८ एमबी. सव्वाबाराला ४६०. सव्वादोनला ८७०. सव्वापाचला १,४९०. दिवसभरात एकही प्रिंट काढली नव्हती. तासाला साधारण दोनशे एमबी, अगदी मीटर पडावं तसं.

गळती ओळखण्यात चढ असा सरळ असणं फार महत्त्वाचं. निरोगी प्रोग्रामचा आकडा वर जातो, खाली येतो, थोडा वेळ स्थिर राहतो. गळका प्रोग्राम फक्त चढतो.

दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलून पाहिली. प्रिंटर चालू ठेवला तर आकडा थांबला. बंद केला तर पुन्हा चढायला लागला. म्हणजे प्रोग्राम दर थोड्या वेळाने प्रिंटरला शाई विचारत होता, आणि उत्तर न मिळालेल्या दरेक प्रश्नामागे एक रुमाल टाकत होता, असा माझा तर्क. आणि मामा वीज वाचवायला प्रिंटर बंदच ठेवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर उत्तर कशामुळे आलं ते कळत नाही.

दुरुस्ती त्यामानाने किरकोळ होती. आधी प्रिंटरचा नवा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरला विंडोजशी जोडणारा तुकडा, टाकला; फरक पडला नाही. मग तो मदतनीस प्रोग्रामच काढून टाकला. छपाईला तो लागतच नाही. शाई संपली की कागद फिका येतो, तेवढं मामांना कळतं.

तुम्हाला आकडे टिपायला वेळ नसेल आणि मशीनने "मेमरी कमी आहे" असा इशारा देऊन झाला असेल, तर विंडोजने बहुधा स्वतःच नोंद ठेवलेली असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम निवडा आणि २००४ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात त्या क्षणी सगळ्यात जास्त मेमरी घेऊन बसलेले तीन प्रोग्राम नावानिशी लिहिलेले असतात. फार कमी लोकांना हे माहीत आहे.

ब्राउझरच गळत असेल तर?

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. बहुतेक टॅब आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) तिथे वेगवेगळे दिसतात. बरेचदा क्रोम निर्दोष असतो आणि एखादं पानच गळत असतं, विशेषतः शेअरचे भाव किंवा क्रिकेटचा स्कोअर स्वतःहून बदलत राहणारं पान, आठवडाभर न मिटलेलं. ते टॅब बंद करा, मेमरी परत येते.

एक्स्टेन्शनचा संशय असेल तर तीच पानं इनकॉग्निटो खिडकीत उघडून तासभर ठेवा. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथे आकडा स्थिर राहिला तर गुन्हेगार त्यांच्यातच आहे. मग निम्मी बंद करून बघा, उरलेल्यांतली पुन्हा निम्मी.

मी तर रोज शट डाउन करतो. तरी कसं?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर ऐकून लोक चिडतात.

विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर पूर्ण बंद होत नाहीत. त्यांची आहे ती अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी जशीच्या तशी परत उचलली जाते. गाडी चर्चगेटला आली, प्रवासी उतरले, आणि ती तशीच विरारकडे परत फिरली. गार्डच्या डब्यातलं सामान होतं तिथेच. रीस्टार्ट केलं तर मात्र गाडी कारशेडला जाऊन, झाडून येते.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली "अप टाइम" बघा. पहिला आकडा दिवसांचा असतो. रोज रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपवर तिथे ३४ दिसले की माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

साध्या प्रोग्रामच्या गळतीला याने फरक पडत नाही, कारण प्रोग्राम तर बंद झालेलाच असतो. फरक पडतो ड्रायव्हर गळत असेल तर. इथे ड्रायव्हर म्हणजे नेटवर्क कार्ड, अँटिव्हायरस वगैरेंना विंडोजच्या गाभ्याशी जोडणारा तुकडा. त्याची गळती कुठल्याच प्रोग्रामच्या नावावर दिसत नाही. सगळ्या प्रोग्रामची बेरीज ३ जीबी आणि वापरात ७ जीबी, असा हिशेब जुळेनासा झाला की मेमरीच्या पानावर "नॉन-पेज्ड पूल" हा आकडा बघा. गाभा आणि ड्रायव्हर यांनी घेतलेली, पेजफाइलमध्ये कधीच न जाणारी मेमरी ती ही. साधारणपणे तो काहीशे एमबीचा असतो. तिथे काही जीबी दिसले आणि रोज वाढत असले, तर ड्रायव्हरवर संशय घ्या. नुकताच कुठला ड्रायव्हर, व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस टाकला ते आठवा. तो अद्ययावत करा किंवा मागच्या आवृत्तीवर न्या. नेमका कोण हे शोधायला पूलमॉन नावाचं साधन आहे. ते अडवलेल्या मेमरीवरची चार अक्षरी खूण दाखवतं, पण त्या खुणेवरून ड्रायव्हर काढणं जाणकाराचं काम. रॅम कशाकशात अडकलीय एवढंच घरी पाहायचं तर मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं रॅममॅप बरं. ते मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स या संचातलं आहे, जो मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतला.

रॅम साफ करणारं ॲप टाकलं तर?

नका टाकू. ही ॲप बसलेल्या सगळ्यांना सीटवरून उठवतात, आकडा झटकन खाली येतो आणि तुम्हाला बरं वाटतं. दोन मिनिटांत तेच प्रवासी डिस्कवरून धापा टाकत परत येतात. शिवाय रुमाल तसेच; कमिट साइझ एका एमबीनेही कमी होत नाही, हवं तर करून बघा.

आणि रॅमच वाढवली तर?

मामांचं गणित करू. तासाला २०० एमबी, दिवसाचे आठ तास, म्हणजे रोज साधारण १.६ जीबी. ८ जीबीची नवी पट्टी पाच दिवस पुरली असती. मशीन गुरुवारऐवजी पुढच्या मंगळवारी मेलं असतं, आणि पैसे गेले ते गेलेच. पेजफाइल मोठी करणं हाही तसाच उपाय, फक्त फुकट.

तरी रॅम कधी घ्यावी? रीस्टार्टनंतर, रोजचे प्रोग्राम उघडल्यावर अर्ध्या तासातच मेमरीच्या पानावरचा "कमिटेड" आकडा, म्हणजे सगळ्यांनी मिळून मागून घेतलेली मेमरी, तुमच्या रॅमच्या वर गेला आणि दिवसभर तिथेच राहिला, तर ती गळती नव्हे, खरी गर्दी आहे. मग बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची करण्यात अर्थ आहे.

व्हायरसचंही लोक विचारतात. असू शकतो, पण लपायचं असलेला व्हायरस मेमरी खाऊन स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. स्कॅन करून टाका आणि पुढे चला.

ज्याचा प्रोग्राम त्याला कळवायचं की नाही?

कळवायचं, पण "तुमचं सॉफ्टवेअर मशीन स्लो करतं" असं लिहिलेल्या तक्रारीचं कुणी काही करू शकत नाही. प्रोग्रामची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, कुठल्या वेळेला कमिट साइझ किती, आणि कशाने वाढ थांबते, एवढं चार ओळींत लिहिलं की प्रोग्रामरला नेमकी आडवाट सापडते. मी मामीच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा फोटो काढून तक्रारीला जोडला, खाली वेळांचा इंग्रजीत अर्थ लिहून. आकड्यांच्या शेजारी मामीने दुधाचा हिशेबही लिहिला होता, तोही त्यात गेला. कंपनीकडून एवढंच आलं की प्रिंटर चालू आहे ना ते तपासा.